वासराचा वाटा

गुणाबाईला आमच्या दौऱ्यावर कोणी बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मिशनच्या लोकांनी पुढे तिच्याबद्दल इतकं गोड गोड सांगितलं, की वाटावं एखाद्या देवदूतानेच तिला आणून सोडलं होतं. तसं काही नव्हतं. १९५४ च्या डिसेंबरात आमच्या दोन बंड्या दवाखान्याच्या फाटकातून निघाल्या, तेव्हा ही बाई मागच्या बंडीत तांदळाच्या पोत्यावर आधीच बसलेली होती. मांडीवर जाळं, कमरेला तंबाखूची चंची.

मी म्हटलं, "उतरा खाली."

"उतरतो ना बाई. पण मंग तिकडच्या लोकायशी बोलन कोण? तुम्ही?"

आमचा दुभाषी दोन दिवसांपासून तापाने पडला होता आणि मला गोंडीचा एक शब्द येत नव्हता. मी मूळची नगरकडची. नर्सिंग पास होऊन दोनच वर्षं झाली होती, वय चोवीस, आणि त्या वयात माणसाला वाटतं तसं मलाही वाटत होतं की सगळं आपल्या सर्टिफिकेटात लिहिलेलं आहे. आमच्या मुख्य मिस वेल्बी, पन्नाशीच्या विलायती बाई, पुस्तकासारखं मराठी बोलायच्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर रिबेका, ह्यांना असू द्यावे." झालं. गुणाबाई आली.

ती नागभीडकडची, ढिवराची. तलावावर मासे धरणाऱ्या घरात जन्मली, तसल्याच घरात दिली गेली. नवरा वारल्यावर तिने डोक्यावर वाळल्या झिंग्यांची टोपली घेतली आणि वैनगंगा ओलांडून पार आत, माडिया गोंडांच्या बाजारांपर्यंत वीस वर्षं पायी हिंडली. झिंगे द्यायचे, मोहफुलं आणि चारोळी घ्यायची. गोंडी ती तिथेच शिकली. पंचेचाळिशीची असेल तेव्हा. अंगाने काटकुळी आणि आवाज असा, की नदीच्या ह्या काठावरून त्या काठाला शिवी पोचावी. पोचायचीही.

ती ख्रिस्ती नव्हती. पण प्रार्थनेला सगळ्यांच्या पुढे बसायची आणि "आमेन" सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. बऱ्याचदा प्रार्थना संपायच्या आधीच, म्हणजे आमच्याबरोबरच्या पास्टरांनी आटोपतं घ्यावं. एकदा पास्टरांनी विचारलं, बाप्तिस्मा कधी घेणार? ती म्हणाली, "तुमचा देव लेकरायवर जीव लावते, थे मले आवडते. बाकीचं मंग पाहू." पास्टरांनी हात टेकले.

पगार नको म्हणाली होती. दोन वेळचं जेवण आणि पांघरायला एक कांबळं, एवढंच. मला वाटलं, फुकटचं जेवण मिळतंय म्हणून आली असेल. मन किती कोतं असतं माणसाचं! सरळ विचारलंसुद्धा मी, "का येता हो तुम्ही?" तर म्हणाली, "घरी बसून का करू? लेकरायचं पाहाले कोणीतरी पाह्यजेन ना." आणि चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिली.

आमचा मुक्काम पेरमटोल्याला पडला. पंधरा-वीस घरं, मोहाची झाडं, खाली ओढा. माझी काम करायची पद्धत ठरलेली होती. टेबल मांडायचं, पांढरी चादर टाकायची, एप्रन घालायचा, रजिस्टर उघडायचं आणि वाट पाहायची. पहिल्या दिवशी माझ्या टेबलापाशी एक कुत्रं येऊन बसलं, दुसरं कोणी नाही. बाया लांबूनच बघायच्या आणि मी मान वर केली की घरात शिरायच्या.

गुणाबाईने टेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जाळं खांद्यावर टाकलं, गावातली सगळी पोरं गोळा केली आणि ओढ्यावर गेली. तास-दीड तासाने परत आली तेव्हा पोरांच्या हातात मासे होते. पोरं स्वच्छ आंघोळलेली होती, नखं काढलेली होती आणि कोणाच्या डोक्यात फोड, कोणाच्या कानात पू, हे तिला तोंडपाठ होतं. पोरं कुठे गेली म्हणून पाठोपाठ आया आल्या. मासे भाजता भाजता तिने आयांशी गप्पा काढल्या आणि एकेकीचं बखोट धरून माझ्यापुढे आणून बसवलं. "हिच्या पोटात दुखते. हिले चार महिन्यापासून ताप येऊन राह्यला. लिवा." मी मुकाट्याने लिहिलं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

आता दुधाचं. मदतीची दूधपावडर त्या वर्षी आम्हाला मोठ्या पत्र्याच्या डब्यांतून मिळाली होती आणि ती मुलांना पाजायची असं ठरलं होतं. सकाळी मोठ्या पातेल्यात पावडर कालवली, उकळली, गूळ घातला. मुलं पानांचे द्रोण घेऊन ओळीने आली. मी पळीने वाढत गेले. मुलं द्रोण घेऊन मोहाच्या झाडामागे जायची आणि रिकामा करून यायची. माझा ऊर भरून आला. मग झाडामागे जाऊन पाहिलं, तर बुंध्याशी दुधाचं थारोळं आणि मुंग्या.

मी चिडले. नाकावर राग होताच माझ्या, तो खाली उतरला एवढंच. गुणाबाई म्हणाली, "पोरायवर काऊन खेकसता? इकडचे लोक गाय पिळत नाईत. गाईचं दूध वासराचं. माणसानं प्यालं तं वासराच्या तोंडचं हिसकलं असं म्हंतेत."

"अडाणीपणा आहे हा," मी म्हटलं.

"असन," ती म्हणाली. "पण आजपर्यंत ह्या गावात एक बी वासरू उपाशी नाई मेलं."

दुसऱ्या दिवसापासून मुलांना दुधाऐवजी तांदळाची पेज आणि मासे मिळू लागले. मिस वेल्बींनी तसं सांगितलं. दुधाचे डबे बंडीतच राहिले.

तिसऱ्या दिवशी गुणाबाई मला एका घरी घेऊन गेली. तिथे सोमरी होती. विशीतली पोर. नवरा पावसाळ्यात तापाने गेला होता आणि आता तीही तापाने फणफणत चटईवर पडली होती. तिची तीन महिन्यांची मुलगी आजीच्या मांडीवर होती. आजीचं नाव बुधरी. सोमरीचं दूध आटलं होतं. शेजारची एक बाई महिनाभर आपल्या लेकराबरोबर हिलाही पाजत होती, पण ती माहेरी निघून गेली होती. तेव्हापासून बुधरी फडक्याची वात भिजवून जावा, म्हणजे तिथली पातळ पेज, बाळाच्या तोंडात पिळत होती. बाळाच्या मांड्यांची कातडी लोंबत होती. ते रडतसुद्धा नव्हतं. मी असं मूल हॉस्पिटलात पाहिलं होतं आणि आठ दिवसांत ते गेलेलंही पाहिलं होतं.

सोमरीला क्विनाइन सुरू केलं. पण बाळाला दूध हवं होतं, आणि लगेच हवं होतं. मी बुधरीपुढे बसून सविस्तर समजावलं. शरीराची वाढ, पोषण, दुधातले गुण, सगळं. दहा मिनिटं बोलले असेन. गुणाबाईने ते चार शब्दांत सांगितलं. बुधरीने डब्यात बोट घालून पांढरी पूड चिमटीत धरली, वास घेतला, चाखली आणि मान हलवली. हो म्हणाली! मला वाटलं, काय छान समजावलं मी.

त्या दिवसापासून रोज गुणाबाई दूध कालवायची, उकळायची, गार करायची आणि चमच्याने थेंब थेंब बाळाच्या ओठात सोडायची. बाळ पहिल्या दिवशी जेमतेम गिळत होतं. तिसऱ्या दिवशी चमच्याकडे तोंड वळवू लागलं. पाचव्या दिवशी ते चांगलं टाहो फोडून रडलं, तर गुणाबाई छावणीभर सांगत सुटली, "रडली! पोट्टी रडली!" जशी काही पोर शाळेत पहिली आली होती. बुधरीही हसली. तिला खालचे दात नव्हते आणि हसताना ती तोंडावर हात धरायची.

मग मी माती खाल्ली.

सहाव्या दिवशी बायांसाठी चित्रांची शिकवण होती. गुंडाळीतली मोठी रंगीत चित्रं मी झाडाला टांगली. त्यातलं एक चित्र आहाराचं होतं. त्यात गाय होती, गाय पिळणारी बाई होती आणि पेल्याने दूध पिणारं गुटगुटीत मूल. बुधरी बाळाला घेऊन पुढेच बसली होती. मला कोण उत्साह आला! मी दुधाचा डबा उचलला आणि बाळाकडे बोट केलं. मग डब्याकडे, मग चित्रातल्या गाईच्या आचळाकडे. पुन्हा बाळाकडे. गुणाबाई त्या वेळी ओढ्यावर होती. पण इथे भाषेची गरजच नव्हती.

बुधरी बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग उठली. बाळाला छातीशी धरलं आणि घरी गेली. तिच्यामागोमाग सगळ्या बाया उठल्या. त्या संध्याकाळी घराचं दार आम्हाला उघडलं नाही. सकाळी पाहिलं तर आमचं दुधाचं पातेलं आणि चमचा छावणीच्या तोंडाशी ठेवलेला होता, राखेने लख्ख घासून.

"तुम्ही तिला काय सांगितलं होतं?" मी गुणाबाईला विचारलं. माझा आवाज चढला होता.

"सायबाच्या मुलखातल्या धानाचं पीठ होय, असं सांगतलं."

"खोटं सांगितलंत?"

"मंग खरं सांगून पोट्टीले मरू देऊ?"

मी तिला नाही नाही ते बोलले. तुमच्यामुळे सगळ्या गावाचा विश्वास उडाला म्हटलं. ती उलटून काही बोलली नाही. ह्या बाईच्या तोंडाचा पट्टा थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला आणखीच राग आला. मिस वेल्बींनी सगळं ऐकून घेतलं. त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, त्या खोटे बोलल्या. आपण तर न विचारता खरे बोललात. आता बाळ उपाशी आहे." तीनच दिवसांनी आमचा मुक्काम हलायचा होता.

गुणाबाई उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि चालू लागली. मीही मागे गेले.

बुधरीच्या अंगणात ती जमिनीवर बसली. दार बंद होतं. आतून बाळाचं किरकिरणं ऐकू येत होतं, बारीक, दमलेलं. गुणाबाई दाराकडे तोंड करून मोठ्याने गोंडीत बोलली. मला म्हणाली, "सांगतलं मी. दूधच होय, मी खोटी बोलली, असं सांगतलं." मग आम्ही बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं. येणारे-जाणारे बघून पुढे जायचे.

शेवटी दार उघडलं. बुधरी बाहेर आली आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली. तिने एक प्रश्न विचारला. गुणाबाईने तो मला सांगितला. "थे म्हंते, त्या गाईचं वासरू कुठी हाय? त्यानं का प्यालं?"

मी तोंड उघडलं. त्या देशात गाई पुष्कळ असतात, दूध उरतं, असं काहीतरी सांगणार होते. गुणाबाईने माझ्या मनगटावर हात ठेवला. "माहीत असन तं सांगा, रिबकाबाई. पुन्हा खोटं नोको."

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं शिकले, दुधाचे गुण पाठ केले, पण वासराचं काय होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी म्हटलं, "मला नाही माहीत." गुणाबाईने ते तसंच सांगितलं.

बुधरीने दुसरा प्रश्न विचारला. हा माझ्यासाठी नव्हता. गुणाबाईने मान खाली घातली आणि बोलू लागली. बराच वेळ बोलली, अगदी हळू. तिचा आवाज इतका हळू असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मला काही कळत नव्हतं, मी फक्त बुधरीचा चेहरा बघत होते. बुधरी हळूहळू खाली बसली, तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

मग बुधरी उठली आणि घरामागे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला एक तांबूस वासरू. एका पानावर तिने जावा ओतला आणि वासरापुढे ठेवला. वासराने हुंगलं आणि जीभ लावली. बुधरी त्याच्या मानेवर हात फिरवत काहीतरी बोलत होती.

"थे त्याले सांगून राह्यली," गुणाबाई पुटपुटली, "का तुह्या जातीच्या एका लेकराचा वाटा आमच्या पोट्टीनं खाल्ला. थे लेकरू दूर हाय, आमच्यानं जाता येत नाई. त्याच्या बदली तू खाय."

ही काही तिथली रीत नव्हती, हे मी नंतर विचारून घेतलं. त्या गावात असं आधी कोणी केलं नव्हतं. कोणाचं दूधच कोणी घेतलं नव्हतं, तर रीत येणार कुठून? ती बुधरीने त्या दुपारी आपल्या मनाने काढली होती. ह्या बाईच्या लोकांना मी आठवड्यापूर्वीच अडाणी म्हटलं होतं. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

मग तिने आम्हा दोघींना खूण केली. बाळ आधी जितके दिवस दूध प्यालं होतं, तितक्या दिवसांचा जावा आम्ही घालायचा होता. गुणाबाईने घातला. माझी पाळी आली तेव्हा वासराने पान सोडून माझ्या एप्रनचा कोपरा तोंडात धरला आणि चघळायला लागलं. आत चटईवर पडलेली सोमरी ते बघून हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

बाळाने त्या दुपारी दूध घेतलं. पण बुधरीची एक अट होती. डबा गुणाबाईच्याच हातून उघडायचा. खोटं ही बोललीय, तर पोर धड होईपर्यंत हिने इथेच राहायचं.

परत येताना मी विचारलं, "तिने तुम्हाला काय विचारलं हो?"

"परक्याच्या लेकरासाठी खोटं काऊन बोलली, असं."

"मग?"

ती चालत राहिली. तंबाखू काढली, मळली आणि तशीच मुठीत धरून ठेवली. "मले पोरगी झाली होती. हिच्याएवढीच होती. माहं दूध आटलं. गावात एक परजातीची बाई होती, बकरीचं दूध घेऊन दारात आली. सासू म्हणे, त्यायच्या हातचं नाई पाजाचं. मी खाटेवर होती. मले बोलता येत होतं, रिबकाबाई. पण मी तोंड नाई उघडलं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "ह्या बारीनं उघडलं, तं खोटं निंगालं."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. एवढ्या दिवसांत मी त्या बाईला एक गोड शब्द बोलले नव्हते आणि तेव्हाही बोलता आला नाही. हातच धरला फक्त.

तीन दिवसांनी बंड्या निघाल्या. आम्ही चार डबे दूध, गूळ आणि सोमरीच्या गोळ्या ठेवल्या. मिस वेल्बींनी आपलं लोकरी कांबळं काढून दिलं. पास्टरांनी प्रार्थना केली आणि ह्या वेळी गुणाबाईने आमेन घाईने म्हटलं नाही. बंडी वळली तेव्हा ती ओढ्याकडे निघाली होती. खांद्यावर जाळं, मागे सगळी पोरं.

मग जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तिकडून निरोप येण्याची काही सोय नव्हती. दवाखान्यात मी रोज कामं करत होते आणि रोज डोळ्यांपुढे त्या लोंबत्या मांड्या यायच्या. दूध पुरलं असेल का? पाणी उकळलं असेल का? प्रत्येक प्रार्थनेत मी त्या बाळासाठी मागत होते, आणि खरं सांगायचं तर अर्धी प्रार्थना गुणाबाईसाठी असायची. बाळाला काही झालं तर ही बाई दुसऱ्यांदा कशी सोसेल, ही काळजी मला जाळत होती.

मार्च संपत आला होता. एका सकाळी मी दवाखान्याच्या ओसरीवर पट्ट्या वाळत घालत होते, तर फाटकातून ती येताना दिसली. एकटी, पायी. धुळीने माखलेली, आणखी वाळलेली. ती वरही बघत नव्हती. माझ्या हातातली पट्टी खाली पडली. मला वाटलं, गेलं. पोर गेलं.

ती ओसरीवर येऊन टेकली. पाणी मागितलं. मी दिलं. तिने तांब्या तोंडाला लावून अर्धा रिकामा केला, तोंड पुसलं, आणि उरलेलं पाणी पायांवर ओतलं. माझी विचारायची हिंमत होत नव्हती. मी नुसती तिच्याकडे बघत उभी होते.

"अशा पाहाता का, रिबकाबाई?" ती खेकसली. "सोमरीले दूध आलं मांघारी. शेवटचा डबा उघडालेच नाई लागला."

"आणि बाळ?"

तिने उजव्या हाताचं बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोटाच्या पेरावर दोन बारीक, लालसर खुणा होत्या, जवळ जवळ.

"निंगता निंगता चावली मले," गुणाबाई म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.